धक्क्यावरची गोगलगाय

९ जून

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे आधी बाजूला ठेवशील आणि चहाचं पाणी उकळेपर्यंत दम न निघून फोडशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज न वाचता पुसतोस. कागद मात्र फाडायचा म्हटला तरी हातात धरावा लागतो, म्हणून कागद. पत्ता आईकडून मिळाला. तिच्या वाढदिवसाला तू जे कार्ड पाठवलंस, त्याच्या पाकिटावर बंदरातल्या कामगार वसतिगृहाचा शिक्का होता. आई काय शिक्का वाचल्याशिवाय राहते होय?

घाबरू नकोस, बाबांची वकिली करायला बसलेली नाही. तीन वर्षं तुम्हा दोघांच्या मधे उभी राहून माझी मान दुखायला लागली आहे. बाबांच्या हाताखाली लिफ्ट जोडत होतास, तपासणीला माणसं आलेली असताना तू पाना खाली ठेवून निघून गेलास, बाबा म्हणाले, "पुन्हा ह्या दारात दिसू नकोस," आणि तू दिसला नाहीस. दोघंही शब्दाचे पक्के. घरात असा एक असला तरी पुरतो, आमच्या वाट्याला दोन आले.

तर माझं सांगते. मी अजून त्याच कंपनीत आणि त्याच खेळाच्या मागे आहे. बेटं, धक्के, होड्या, ह्या बेटावरचा माल त्या बेटावर. तू त्याचा अगदी पहिला खेळाडू, मी फुकटात राबवून घेतलेला. आता हजारो लोक खेळतात. प्रत्येकजण आपापल्या घरी बसलेला असतो, पण समुद्र सगळ्यांना एकच दिसला पाहिजे. ते काम सर्व्हरचं, आणि सर्व्हर आजारी पडला की त्याच्या उशाशी बसायचं काम माझं.

गेले काही आठवडे तो आजारीच आहे. संध्याकाळी लोक कामावरून आले की होड्या अडखळतात. वल्हं मारलं तरी होडी जागच्या जागी, आणि मग एकदम दगडावर जाऊन आपटते. लोक आम्हाला ज्या शिव्या देतात त्या मी इथे लिहीत नाही, बंदरात राहून तुला त्याहून चांगल्या येत असतील. आमचा सरदार (म्हणजे साहेब, पण तो चालतोच तसा) रोज माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो. माणूस मागे उभा राहिला की माझ्याच्याने धड एक ओळ लिहून होत नाही.

शेवटी मी सर्व्हरच्या नोंदी उपसायला घेतल्या आणि चोर सापडला. आमच्याकडे नियम आहे, दहा मिनिटं हलला नाहीस की सर्व्हर तुला बाहेर काढतो, उगाच जागा अडवायची नाही. एक पठ्ठ्या दुपारभर हेच करत होता. आत यायचं, उत्तर धक्क्यावर उभं राहायचं, हलायचं नाही. बाहेर काढला की लगेच परत आत. आणि आत घेणं हेच सगळ्यात जड काम असतं, कारण नव्याने आलेल्याला अख्खा समुद्र पहिल्यापासून सांगावा लागतो. माणूस असा वागत नाही. कोणीतरी जागा धरून ठेवायला यंत्र लावलंय, हे उघड होतं. नोंदीत नुसते आकडे दिसतात, नाव नसतं. मी तो आकडा उचलला आणि त्याला कायमची बंदी घातली. सरदाराने पाठ थोपटली. मीही फुशारक्या मारत घरी आले.

घरी मात्र कौतुक ऐकायला कोणी नव्हतं. बाबा आठवडाभर खूप खुशीत होते, शीळबीळ घालत होते, आणि आता दोन दिवस एकदम गप्प. आईला विचारलं तर ती म्हणाली, "वयाचं आहे." वयाचं गेल्या आठवड्यात नसतं आणि ह्या आठवड्यात असतं, असं कधी ऐकलंयस?

तुझी पिवळी होडी अधूनमधून दिसते. मी काही विचारत नाही. दिसली की बरं वाटतं एवढंच.

तुझी,
ताई


२१ जून

बारक्या,

उत्तराची वाट बघून लिहायचं ठरवलं होतं. पण आता माझी गरज आहे, आणि गरजवंताला अक्कल नसते.

परवा बाबांनी टॅबलेट त्याच्या मूळ खोक्यात घातला. प्लास्टिकची पिशवीसुद्धा त्यांनी जपून ठेवली होती. माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे कोणाला तरी देऊन टाक. माझं काम झालं." आणि जाऊन पडले. जेवायला हाक मारली तर भूक नाही. बाबांना भूक नाही, हे वाक्य मी ह्या घरात पहिल्यांदा ऐकलं.

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. ती भांडी घासत होती, आणि माझ्याकडे न बघता एकच पातेलं परत परत घासत होती.

"आई, काय लपवतेस?"

"मी शपथ घेतली आहे."

"कोणाची?"

"त्यांचीच. म्हणजे ती मोडली तर त्यांनाच काय ते होईल," असं म्हणून तिने पातेलं उपडं घातलं आणि सगळं सांगितलं.

मागे एकदा मी तिच्याजवळ बोलून गेले होते की बारक्या बरा असणार, त्याची होडी उत्तर धक्क्याला लागलेली दिसली. बाबा तेव्हा पेपर वाचत होते, म्हणजे पेपर समोर धरून कान इकडे. दुसऱ्या दिवशी ते आईला म्हणाले, "तो खेळ मला लावून दे." आईनेच लावून दिला. नाव काय देऊ विचारलं तर म्हणाले काहीही दे. तिने दिलं गोगलगाय. बाहेर निघताना ते तासभर बूट घालत बसतात तेव्हा ती जे ओरडते, तेच.

आता तुला कळलं असेल. मलाही ते तिथेच कळलं.

त्यांना चालायचं बटण सापडत नव्हतं, आणि सापडलं तरी चालायचं नव्हतं. ते तुझी वाट बघत उभे होते. दहा मिनिटांनी सर्व्हर बाहेर काढायचा, की पुन्हा आत. रोज दुपारी, आई म्हणते, एखाद्या नोकरीवर जावं तसे. मी ज्याला यंत्र म्हटलं ते आपले बाबा होते रे. इतका वेळ न हलता, न कंटाळता, कोणी माणूस उभा राहील असं मला वाटलंच नाही. चाळीस वर्षं लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत पाना घेऊन उभ्या राहणाऱ्याची मी मुलगी, आणि मला ते सुचू नये.

आणि ह्याहून वाईट म्हणजे, बंदीच्या आदल्या दिवशी तू आला होतास. आईनेही पाहिलं, पिवळी होडी धक्क्यापाशी आली, थोडी थांबली आणि वळून गेली. हात कसा हलवायचा हे बाबांना माहीत नव्हतं, ते टॅबलेटलाच हात करत बसले. तू त्यांच्या डोक्यावरचं नाव वाचलंस की नाही, तुलाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी त्यांनी खेळ उघडला तर पडद्यावर पाटी: तुम्हाला येथे प्रवेश नाही.

त्यांनी दोनाला दोन जोडले. त्यांना वाटतं, तू पाहिलंस आणि कंपनीला सांगून त्यांना बाहेर काढायला लावलंस.

मी त्यांच्या पलंगाशी बसले. म्हटलं, "बाबा, बंदी मी घातली. बारक्याला ह्यातलं काही माहीत नाही."

ते छताकडे बघत म्हणाले, "तू लहानपणापासून त्याचं सगळं अंगावर घेतेस. वर्गाची काचसुद्धा तूच फोडली होतीस म्हणे."

"अहो, ती खरंच मी फोडली होती."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी भिंतीकडे कूस बदलली. मग म्हणाले, "मला राग नाही आलेला. मी त्याला बाहेर काढलं, त्याने मला काढलं. फिट्टंफाट."

ह्या माणसाची समजूत कशी घालायची, तू सांग.

बंदी मी उठवू शकत नाही. आमच्या ऑफिसात कायदाच आहे, ज्याने दार लावलं त्याने ते उघडायचं नाही. मागे एकाने आपल्या मित्रांसाठी दारं उघड-मीट करून बाजार मांडला होता, तेव्हापासून. बंदीविरुद्ध दाद मागायची तर ती तक्रारवालीकडे. ही माझ्याच डब्यातलं खाणारी मुलगी, पण कामाच्या बाबतीत दगड. ती म्हणाली, "अगं, तुझे वडील आहेत म्हणूनच तुझं ऐकता येत नाही. एखाद्या जुन्या खेळाडूने लिहून दिलं पाहिजे, की मी ह्यांना प्रत्यक्ष ओळखतो, हे यंत्र नाही. आपल्या ऑफिसातला माणूस चालणार नाही."

जुना खेळाडू, बाबांना ओळखणारा. मी अख्खा समुद्र धुंडाळला असता, पण असा एकच आहे, आणि तो आत्ता वसतिगृहाच्या खाटेवर हे वाचतोय.

एक ओळ लिही. खेळातल्या तक्रारपेटीत, तुझ्या नावाने. मला लिहू नकोस, घरी येऊ नकोस, रुसून बस. तेवढी एक ओळ लिही. मी सांगून त्यांना पटत नाही, ते फक्त तुझ्याकडूनच पटेल.

ताई


५ जुलै

बारक्या,

एक ओळ लिहायला तुझ्या बापाचं काय जातं, असं लिहून मी मागचा कागद फाडला. कारण जातंय ते खरंच बापाचंच.

तुझी होडीही दिसत नाही आता. पत्र पोचलं नाही, की पोचलं म्हणूनच दिसत नाही? असल्या प्रश्नांचं उत्तर नोंदीत सापडत नाही, मी शोधून पाहिलं. तू खेळलास का एवढंच दिसतं. का खेळला नाहीस, ते नाही.

बाबा खिडकीपाशी बसतात, पण हातात काही नसतं. मी म्हटलं, दुसऱ्या नावाने आत जाऊ या, पाच मिनिटांचं काम. माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणाचं पाकीट मारायला सांगितलं. म्हणाले, "गोगलगाय निदान घरचं नाव होतं. स्वतःच्या पोराला खोट्या नावाने भेटू?" तू त्यांच्यावर गेलायस असं आई नेहमी म्हणते. मला ते तुझं कौतुक वाटायचं, आता दोघांची तक्रार वाटते.

मला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून मी सर्व्हर दुरुस्त केला. दुःख झालं की लोक देवाधर्माला लागतात, मी कोडला लागते. बंदी घातल्यावरही संध्याकाळी होड्या अडखळतच होत्या. म्हणजे बाबांना काढून मिळवलं काय, तर शून्य. खोड भलतीकडेच होती, आणि ती माझ्याच जुन्या कोडमधली. आपला सर्व्हर प्रत्येकाची खबर प्रत्येकाला सेकंदाला वीस वेळा देत होता. जो हलला त्याची, आणि जो जागचा हलला नाही त्याचीही. धक्क्यावर उभा असलेला माणूस अजून धक्क्यावर उभा आहे, हे गावभर ओरडत सुटायचं, सेकंदाला वीस वेळा. आपल्या आत्यासारखं. कोणी काहीच केलं नाही, हीसुद्धा तिच्या लेखी बातमी असते.

मी ते बदललं. आता हलेल त्याचीच खबर. स्थिर माणसाबद्दल एकदा सांगायचं, मग तो हलेपर्यंत गप्प. ऐकायला सोपं आहे, करताना जीव गेला. पहिल्या दिवशी होड्या नाहीशाच व्हायला लागल्या, कारण मी नव्याने येणाऱ्याला स्थिर माणसांची खबर द्यायलाच विसरले. उभे असलेले सगळे त्याच्या लेखी नव्हतेच. एक बाई तर दुसरीच्या होडीतून आरपार गेली आणि तिने आम्हाला भुताटकीची तक्रार पाठवली. ते निस्तरलं. काल संध्याकाळी पहिल्यांदा समुद्र लोण्यासारखा चालला.

मग मी सरदाराला म्हटलं, आता दहा मिनिटांचा नियम काढून टाकू. उभ्या माणसाचा भार राहिला नाही.

"आणि जागा अडवून बसले तर?"

"बसू दे. काही लोकांना उभंच राहायचं असतं."

त्याला तक्रारवालीने सांगितलं असावं. म्हणाला, "काढ," आणि खुर्चीमागून गेला.

तेव्हा आता तिथे कोणी कितीही वेळ उभं राहिलं तरी त्याला बाहेर काढणार नाही. फक्त ज्याच्यासाठी हे केलं तो बाहेर आहे, आणि त्याला आत आणू शकणारा कुठे आहे, मला माहीत नाही.

तुझ्यावर चिडून पत्र लिहायला बसले होते. तू फार आठवतोस, बारक्या. शिट्टी वाजवत जिना चढणारं ह्या घरात आता कोणीच नाही, सगळे नुसते चढतात. तू आलास तर मी पहिल्यांदा तुला दोन धपाटे घालीन, आणि मग काय करीन ते लिहिता येत नाही.

ताई


१६ जुलै

बारक्या, सोन्या,

परवा जेवणाच्या सुट्टीत तक्रारवाली तिच्या टेबलावरून म्हणाली, "अगं, जरा इकडे ये." तिने पडदा माझ्याकडे वळवला नाही, नियम आहे. तिने वाचून दाखवलं. मोठ्याने वाचायला नियमात कुठे बंदी नाही, असं तिचं म्हणणं.

तू लिहिलं होतंस: "उत्तर धक्क्यावरच्या गोगलगायीला मी जन्मापासून ओळखतो. ते यंत्र नाही, माझे बाबा आहेत. एकदा उभे राहिले की हलत नाहीत, तो त्यांचा स्वभाव आहे. मी त्या दिवशी त्यांना ओळखलं, पण जवळ जायचा धीर झाला नाही. त्यांना आत घ्या."

तिला "आत घ्या" धड वाचता आलं नाही. मला ऐकता आलं नाही. डबा तसाच राहिला दोघींचा. तिने तिथल्या तिथे बंदी उठवली आणि मी सरदाराला न विचारता घरी पळाले.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतास. पण पडद्याच्या अलीकडे काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

बाबा खिडकीपाशीच होते. मी तुझे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले, तोंडपाठ झाले होते. त्यांनी पुन्हा म्हणायला लावले. मग विचारलं, "तू बनवत तर नाहीस?" मी म्हटलं, "बाबा, मला असं लिहिता येत असतं तर मी कोड कशाला लिहिलं असतं?" हे त्यांना पटलं. मग म्हणाले, "मी त्याला बाहेर हो म्हटलं, आणि तो मला आत घ्या म्हणतो." आणि रडले. आपण दोघांनी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आई हात पुसत आली, काय झालं न विचारता शेजारी बसली.

टॅबलेट मी कोणाला दिला नव्हता, माझ्या कपाटातच होता. आईने लावून दिला. धक्क्यावर पोचले आणि नेहमीसारखे उभे राहिले. तू येशील की नाही हे आम्हाला कुठे माहीत होतं? दुपार गेली. कोणी बाहेर काढलं नाही. ऊन भिंतीवर चढायला लागलं तेव्हा तुझी होडी दिसली, आणि बाबा घाईघाईने पुढे यायला गेले. चालायचं बटण म्हणून त्यांनी काय दाबलं देव जाणे, सरळ पाण्यात. आई ओरडली, "अहो, पोहता येत नाही तुम्हाला." जणू खरंच बुडताहेत. तू होडी आडवी घालून त्यांना वर ओढलंस तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की अजून निळा आहे.

तू त्यांना घेऊन सगळ्या बेटांना चक्कर मारलीस. नव्या खेळाडूला बोलता येत नाही, हा आमचाच आणखी एक नियम, म्हणून बाबा तुझ्याशी बोलू शकले नाहीत. पण इथे ते अखंड बोलत होते. हे कोणतं बेट, इथे वर चढायला काही सोय दिसत नाही, तो कसा वळवतो बघ, माझ्यापेक्षा हात हलका आहे त्याचा. हे शेवटचं तू ऐकायला हवं होतंस. कामावर असताना त्यांनी कधी म्हटलं नव्हतं ना तुला?

मी म्हटलं, नियम बदलून घेते, बोलता येईल. तर म्हणाले नको, कागद दे. काल दिवसभर लिहीत होते. चार ओळींना दिवसभर, गोगलगायच ती. पुढचं त्यांचं आहे, मी वाचलेलं नाही.

तुझी,
ताई


बारक्या,

मी त्या दिवशी लोकांसमोर बोललो ते चुकीचं होतं. तुला ते काम नको होतं, हे मला आधीपासून दिसत होतं. तू सांगशील म्हणून मी थांबलो, आणि सांगितलंस तेव्हा ऐकून घेतलं नाही.

होडी चांगली चालवतोस. पण तिथे तुझं तोंड दिसत नाही, मागून नुसती टोपी दिसते. घरी ये. मी दारात उभा असेन, जिना चढताना तू वर बघ म्हणजे झालं.

बाबा